अण्णांच्या डोळ्यावरचा आळ

माझ्या हातून झालेली चूक एका थेंबाएवढी होती. झटपट चिकटणारा गोंद मिळतो ना, त्याचा एक थेंब. तो मी दुसऱ्याच्या वस्तूवर, त्याला न विचारता टाकला. गोष्ट तेवढ्यावर संपली असती तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण त्या थेंबापायी एका चांगल्या नजरेच्या माणसाला आपली नजर गेली असं वाटलं, आणि ती गेलेली नाही हे ज्याला पक्कं ठाऊक होतं तो मी दोन वर्षं तोंड मिटून बसलो.

त्यांचं नाव श्रीपती. नेरे गावात लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी त्यांचा भाडेकरू.

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा परवडेल अशी खोली शोधत मी आणि माझी बायको माधुरी नेऱ्यात पोचलो. अण्णांनी घरामागच्या गोठ्याच्या जागेवर पाच खोल्या काढल्या होत्या. एका रांगेत, पुढे सामाईक ओटा. भाडेकरूंची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. ते आम्हाला जिल्ह्याच्या नावानं हाक मारत. पहिल्या खोलीत सांगली, दुसरीत नांदेड, तिसरीत मी परभणी. "ए परभणी, मोटार बंद कर, टाकी वाहतीया!" अशी आमची सकाळ व्हायची. नांदेड नोकरी बदलून निघून गेला आणि त्या खोलीत जळगावचा मुलगा आला, तरी दोन महिने अण्णा त्याला नांदेडच म्हणत होते. तो बिचारा ओ देत होता.

अण्णा उंच, किडकिडीत. धोतर, सदरा आणि डोक्यावर टोपी. शेती करायचे, पण तरुणपणी पुण्यात एका स्टुडिओत काही वर्षं काम केलेलं. वडील गेल्यावर गावी परतले ते गळ्यात एक जुना रशियन कॅमेरा अडकवूनच. काळा, लोखंडासारखा जड. जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी शिवून त्यात तो ठेवलेला असे. त्याच्या पुढे फिरवून बसवायची एक लेन्स होती. लेन्स हा शब्द अण्णांना येत होता, पण ते तिला काच म्हणत. नेरे, जांबे, मारुंजी या टापूतली वीस-पंचवीस वर्षांतली लग्नं, बारशी आणि शाळेचे फोटो त्या एका काचेतून गेलेले. पुढे डिजिटलवाले आले आणि लग्नाची कामं बंद झाली. त्याबद्दल अण्णा कधी कुरकुरले नाहीत. "लगीन काय, कुनी बी काढंल," म्हणायचे.

रोज सकाळी ते ओट्यावर येत, उजवा हात पालथा करून उन्हात धरत, हातावरच्या शिरांची सावली निरखत आणि आकडा सांगत. "आज अकरा." ढगाळ असलं तर, "साडेपाच." फोटो काढताना काचेतलं भोक किती बारीक ठेवायचं त्याचा तो आकडा. ऊन जितकं कडक तितका आकडा मोठा. पण त्या घरात तो हवामानाचा अंदाज होऊन बसला होता. अण्णांची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, आतून ओरडून विचारायच्या, "आज किती वं?" अकरा म्हटलं की गहू वाळत पडायचे. आठ म्हटलं की कुरडया पुढे ढकलल्या जायच्या. काकूंना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा माधुरीनं विचारलं, "काकू, चादरी धुऊ का आज?" तर म्हणाल्या, "धू की. सोळा हाय आज. दुपारपत्तूर पापड हुतील."

२००७ साली मी डिजिटल कॅमेरा घेतला. पहिल्याच रविवारी ओट्यावर बसून समोरच्या जांभळीवरच्या बुलबुलाचे फोटो काढत होतो. टकटक टकटक चाललं होतं. अण्णा शेजारी शेंगा सोलत बसले होते.

"किती काढलं रं?"

"दोनशे चाळीस."

"एकाच पाखराचं?"

"हो."

"आन ते कटाळलं न्हाई?"

मी हसलो. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, मागच्या पडद्यावर बुलबुल पाहिला. चांगला होता. मान हलवली.

"फोकस कुनी केला?"

"कॅमेऱ्यानं."

"उजेड कुनी बघितला?"

"कॅमेऱ्यानंच."

"मंग तू काय केलंस?"

"बटण दाबलं."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले, "तेवढं तरी."

मला राग आला नाही, पण ते लागलं. पुढे एकदा इंटरनेटवर वाचलं की अशा जुन्या, फिरवून बसवायच्या लेन्स एक कडं लावून नव्या कॅमेऱ्यावर बसवता येतात. परदेशी गेलेल्या एका सहकाऱ्याकडून मी स्वस्तातलं एक कडं मागवलं. आणलं त्या दिवशी अण्णांना म्हणालो, "तुमची काच माझ्या कॅमेऱ्यावर बसेल." त्यांना खरं वाटेना. दोघांनी मिळून ती बसवली. काकू दारात तांदूळ पाखडत होत्या. अण्णांनी टोपी उलटी फिरवली, फोटो काढताना नेहमी फिरवत तशी, डोळा लावला आणि काच हळूहळू फिरवून बटण दाबलं. काकूंचा चेहरा क्षणात पडद्यावर आला. आयुष्यभर फोटो धुऊन येईपर्यंत आठ-आठ दिवस वाट पाहिलेला माणूस तो. कॅमेरा डोळ्यांशी धरून बराच वेळ पाहत राहिले.

"हीच हाय माजी काच," म्हणाले. "कडंला कशी मऊ हुतीया बघ. ही लबाडी दुसऱ्या कुनाला जमत न्हाई."

"आधी सांगायचं न्हाई का," काकू म्हणाल्या, "पदर तरी नीट घेतला अस्ता."

"म्हनूनच न्हाई सांगितलं."

त्यानंतर माझे रविवार अण्णांचे झाले. या काचेला आपोआप फोकस नव्हता. कॅमेरा उजेडाचाही अंदाज नीट देत नव्हता. सगळं हातानं आणि नजरेनं. हात पालथा धरून शिरांची सावली वाचायला त्यांनी मला शिकवलं. फोकस करायला शिकवलं. "नाकावर न्हाई, डोळ्यावर लाव. आन जागा घावली म्हनून लगेच थांबू नगंस. फुडं जा, चुक, मंग मागं ये. चुकल्याबिगर खरी जागा कळत न्हाई." त्यांची बोटं तसंच करत. थोडं पुढे, थोडं मागे, आणि थांबली की थांबली. समोरच्याला मात्र ते हलू देत नसत, बोलू तर मुळीच देत नसत. "तोंड मीट," असं ते सरपंचालाही म्हणत. दोनशे चाळीसवरून मी रविवारी बारा फोटोंवर आलो. ते बारा मला अजून आठवतात.

लग्नं सुटली तरी एक काम अण्णांनी सोडलं नव्हतं. त्या वर्षांत आमच्या भागात जमिनी भराभर जात होत्या. कोणाची जमीन विकायची ठरली, पौडच्या कचेरीत खरेदीखताचा दिवस लागला, की आदल्या दिवशी अण्णा छत्रीच्या कापडाची पिशवी गळ्यात अडकवून सायकलवर त्या घरी जात. सगळ्या घराला शेतात उभं करत. म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, शेळ्या, म्हशी, जे असेल ते. विहीर असेल तर विहीर मागे आलीच पाहिजे. एकच फोटो काढत, धुऊन आणत आणि नेऊन देत. कोणी काही देऊ केलं तर घेत नसत. त्याला ते 'शेताचा फोटू' म्हणत, बस. शेवटचा असा शब्द त्यांनी कधी वापरला नाही.

एकदा मी बरोबर गेलो होतो. दोन भावांचं शेत. दोघांत वैर इतकं की शेतात दोन टोकांना उभे. थोरला म्हणाला, "त्यो असंल तर मी न्हाई." धाकटा म्हणाला, "मी तरी कुटं मरतुया येकत्र उभं ऱ्हायला." अण्णांनी वाद घातला नाही. कॅमेरा तिपाईवर चढवला आणि मोठ्यानं सांगितलं, "कॅमेऱ्याची झापड लई वेळ उघडी ठिवनार हाय. जो हालंल त्यो पुसट यील. मंग नातवंडं इचारतील, ह्यो पुसटका कोन?" दोघे मुकाट्यानं येऊन विहिरीच्या काठाला उभे राहिले. श्वाससुद्धा धरून. परतताना मी विचारलं, "खरंच इतका वेळ उघडी ठेवली होती?" अण्णा सायकल ढकलत म्हणाले, "छ्या! लख्ख ऊन व्हतं. पर दोगं गप उभं ऱ्हायलं का न्हाई?"

आता माझ्या थेंबाकडे येतो.

२००८च्या सुरुवातीला, थंडीत, कंपनीत फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. मला मुळशीच्या भातखाचरांचे फोटो द्यायचे होते आणि अण्णांच्याच काचेनं काढायचे होते. त्यांनी ती आठवडाभर वापरायला दिली. "सांभाळ," एवढंच म्हणाले. पण एक अडचण होती. त्या काचेच्या मागे टाचणीच्या टोकाएवढी एक खिळी असते. फोटो काढायच्या क्षणी अण्णांचा कॅमेरा ती आतून दाबतो आणि मगच आतल्या पाकळ्या मिटून भोक बारीक होतं. एरवी भोक सताड उघडं असतं, म्हणून बघताना भरपूर उजेड दिसतो. माझ्या कॅमेऱ्यावर, त्या स्वस्त कड्यामुळे, खिळी दाबायला काहीच नव्हतं. भोक कायम उघडं. जवळच्या चेहऱ्याला ते चालायचं, पण लांबवरची खाचरं धुरकट यायची. इंटरनेटवर कोणीतरी उपाय लिहिला होता: खिळी दाबून धरा आणि गोंदाचा एक थेंब टाका. खाली असंही लिहिलं होतं की नंतर नखांचा रंग काढायच्या पाण्यानं गोंद सुटतो.

मी थेंब टाकला. फोटो अप्रतिम आले. बांधाबांधाची रेघ दिसत होती.

शनिवारी संध्याकाळी अण्णा दारात आले. "परभणी, काच दे. उंद्या लागंल. आपल्याच शेताचा फोटू हाय."

सडकेला लागून त्यांचं आणि थोरल्या भावाचं सामाईक खाचर होतं, कोपऱ्यात चिंच असलेलं. भावाच्या मुलांनी विकायचं ठरवलं होतं. अण्णा आडवे आले नव्हते. सोमवारी खरेदीखत होतं. "पुसून सकाळी देतो," मी म्हणालो. ते गेल्यावर माधुरीच्या बाटलीतलं ते पाणी घेऊन मी खिळीवर चोळलं. गोंद सुटला नाही, विरघळून आत उतरला. समोरून पाहिलं तर पाकळ्या मिटलेल्याच. काचेवरचं आकड्यांचं कडं कितीही फिरवा, त्या अकराच्या आसपास घट्ट चिकटून राहिल्या.

मी घाबरलो. मग स्वतःची समजूत काढली. उद्या कडक ऊन असणार, अण्णा भोक अकरावरच ठेवणार, पाकळ्या अकरावरच आहेत. म्हणजे फोटो तर येईलच. नंतर बघू. हा हिशेब मी केला, आणि तो बरोबरही होता. फक्त फोटो काढण्याआधी माणसाला त्याच भोकातून बघावं लागतं, हे मी त्यात धरलं नाही. की धरलं आणि बाजूला सारलं, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

रविवारी सकाळी मी काच त्यांच्या हातात दिली आणि वर "थँक्यू अण्णा" म्हणालो.

सगळं घर चिंचेपुढे उभं होतं. थोरले भाऊ, त्यांचे मुलगे, सुना, नातवंडं, काकू, एक शेळी. मी बांधावर, गळ्यात माझा कॅमेरा. अण्णांनी हात पालथा धरला. "अकरा." टोपी उलटी केली. डोळा लावला.

आणि थांबले.

डोळा काढला, बाहीनं पुसला, परत लावला. काच धोतराच्या सोग्यानं पुसली. मग डावा डोळा लावून पाहिला. तो ते कधी लावत नसत.

"ढग आलं का रं?" त्यांनी विचारलं.

आभाळात चिंधीएवढा ढग नव्हता. त्यांची बोटं काच फिरवत होती. पुढे, मागे, परत पुढे. जागा सापडत नव्हती. "कुनी हालू नगा," ते ओरडले. कोणीच हलत नव्हतं.

"काय झालं अण्णा?" मी विचारलं. हो, मीच विचारलं.

चार महिन्यांपूर्वी गावात डोळे तपासायचं शिबिर झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, अजून काही करायला नको, असं सांगितलं होतं. अण्णांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांनी कॅमेरा खाली घेतला तेव्हा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"परभणी, तू काढ. मला दिसत न्हाई."

"अवो असं कसं," काकू म्हणाल्या, "सकाळी तर सुईत दोरा घालून दिला मला."

"दिसत न्हाई म्हनलं ना! समदं सांजंवानी दिसतंय."

काच उलटी करून पाकळ्या पाहिल्या असत्या तरी त्यांना कळलं असतं. शिकाऊ माणसानंही तेच आधी पाहिलं असतं. पण आपल्या काचेत कोणी काही केलं असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांनी काचेवर संशय घेतला नाही, स्वतःवर घेतला.

मी माझ्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. सगळे लख्ख आले, मशीनच करत होतं सगळं. अण्णा आजवर दुसऱ्यांच्या शेताचे फोटो काढत आलेले, स्वतः कधी फोटोत नसलेले. या एकाच फोटोत ते आहेत, अगदी कडेला. बाकीचे समोर पाहतायत आणि अण्णा आपल्या पालथ्या हाताकडे.

घरी परतताना बांधावरच त्यांनी काच फिरवून काढली आणि माझ्या हातात ठेवली. "ठेव तुला. माज्याकडं पडून तिला बुरशी यील."

मी ती घेतली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चांगुलपणानं नाही. डॉक्टरांनी नजर ठीक आहे म्हणून सांगावं आणि माझी सुटका व्हावी, म्हणून. डॉक्टर म्हणाले, "थोडा मोतीबिंदू आहे, पण एवढ्यानं अंधार येणार नाही. लांबचं छान दिसतंय तुम्हाला." बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "डाक्टरला काय ठाव? त्यानं बॅटरी मारून बघितलं. म्या काचंतनं बघितलंय." डॉक्टरांपेक्षा त्यांचा त्या काचेवर विश्वास होता. म्हणजे आता सांगू शकेल असा मी एकटाच उरलो होतो.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. जितके दिवस जात तितकं 'इतके दिवस का गप्प होतास' याचं उत्तर अवघड होत गेलं. माधुरीलाही बोललो नाही.

अण्णांनी सायकल सोडली. देवळात जाताना काकूंचा हात धरू लागले. मला वाटतं, त्यांना दिसत होतंच. पण दिसणाऱ्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. पायरी दिसली तरी पायानं चाचपून बघत. सकाळी काकू सवयीनं विचारायच्या, "आज किती वं?" अण्णा म्हणायचे, "मला काय इचारतीस? ऊन पडलंय का बघ भाईर जाऊन." काही दिवसांनी काकूंनी विचारायचं सोडलं. त्या वर्षी त्यांच्या कुरडया दोनदा भिजल्या. आमच्या बाजूला चार-पाच घरांनी जमिनी विकल्या. त्यांच्या शेताचे फोटो निघालेच नाहीत. आता तिथे इमारती आहेत. ते फोटो मी कुठून आणणार?

२००९च्या शेवटी आम्ही वाकडला स्वतःच्या घरात राहायला गेलो. निघताना अण्णा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काचंनं काढत जा फोटू." ती काच माझ्या कपाटात होती. मी तिला हात लावत नव्हतो.

पुढच्या उन्हाळ्यात जांब्याहून एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्यांची जमीन जात होती. "अण्णांना दिसत न्हाई म्हनत्यात. तुमी त्यांच्या हाताखाली शिकलाय. येता का?" मी गेलो. त्यांची म्हातारी आई खाटेवर बसून होती. मी कॅमेरा काढला तशी म्हणाली, "श्रीपती का न्हाई आला?"

"आई, डोळं गेलं त्येचं," मुलगा म्हणाला.

"कुनाचं? श्रीपतीचं? काय सांगतुयास! परवा लग्नात मांडवाच्या त्या टोकाला व्हता. तिथनं मला म्हनला, आक्का, लुगड्याचा काठ उसवलाय तुज्या. बोटभर उसवला व्हता. मला सोताला दिसला न्हवता."

सगळे हसले. मी फोटो काढला, तो हलला, परत काढला. घरी येईपर्यंत मला एवढंच कळलं होतं की आता हे आणखी एक दिवसही जमणार नाही.

पुण्यात एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे काच नेली. त्यानं ती उघडली, वास घेतला आणि विचारलं, "कुठल्या गाढवानं गोंद घातला हो यात?"

"माहीत नाही," मी म्हणालो. तिथेसुद्धा.

आठ दिवसांनी पाकळ्या पुन्हा लवलवत्या झाल्या. त्याच दुपारी मी नेऱ्याला गेलो. अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा. त्यानंतर कंपनीनं मला दोन वर्षं बंगळुरूला पाठवलं आणि मी परत यायच्या आत ते गेले.

ते ओट्यावर भिंतीला टेकून वाल सोलत होते. "कोन? परभणी?" पावलांवरून ओळखल्यासारखं केलं. मी काकूंकडून छत्रीच्या कापडाची पिशवी मागून घेतली. कॅमेरा काढला, काच बसवली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी हात मागे घेतला.

"कशापायी? मला दिसत न्हाई रं."

"एकदा बघा अण्णा."

टोपी उलटी न करताच त्यांनी डोळा लावला. जांभळीकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, दारातल्या काकूंकडे बघितलं. बोटं काच फिरवत होती. पुढे, मागे. थांबली.

"उजेड कुटनं आला?" त्यांनी हळूच विचारलं.

मी सांगितलं. खिळी, थेंब, बाटलीतलं पाणी, तो हिशेब, 'थँक्यू अण्णा', डॉक्टर, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, वालाच्या सालींकडे पाहत होतो.

"म्हंजी त्या दिशी मला दिसत व्हतं?"

"हो."

"आन तुला ठाव व्हतं."

"हो अण्णा."

काकू दारातून बोलल्या. आवाज चढवला नाही. "मी ह्यांच्या ताटात बोट धरून भाजी दाखवत व्हते, परभणी. दोन वर्सं."

अण्णांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "काच बिगडली त्येचं काय न्हाई. वस्तू हाय, बिगडतीया. पर मी सोताच्या डोळ्याला दोन वर्सं शिव्या घातल्या रं."

मी तसाच बसलो. जायला सांगतील असं वाटलं.

"उठ," ते म्हणाले. "तितं भित्तीला उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो. ऊन तोंडावर येत होतं. अण्णांनी उजवा हात पालथा करून उन्हात धरला. शिरांची सावली बघितली. काकू 'आज किती वं?' म्हणून विचारतील असं मला वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही.

"आठ," अण्णा स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी टोपी उलटी फिरवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. काच फिरू लागली. मी सवयीनं श्वास धरला. त्यांच्यापुढे बोलायचं नसतं, हलायचं नसतं. काच पुढे गेली, मागे आली, परत किंचित पुढे गेली आणि थांबली. बटण काही दाबलं गेलं नाही.

"रोल न्हाई ह्यात," काचेमागून आवाज आला. "बोल आता काय बोलायचं ते. मला तुजं तोंड नीट दिसतंय."

मी म्हणालो, "अण्णा, तुमची काच मी बिघडवली. तुम्हाला दिसत होतं आणि मला ते माहीत होतं. चिंचेपाशी तुम्ही मला फोटो काढायला सांगितलंत, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मला तुमच्या डोळ्यांपेक्षा माझी लाज मोठी वाटली. माझं चुकलं. मला माफ करा."